६ डिसेंबरला दादरकरांच्या दारी

डिसेंबर लागला, की दादरच्या शिवाजी पार्कवर मांडव उभे राहू लागतात. ६ तारखेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, लाखो माणसे चैत्यभूमीला येतात. १९५६ साली बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले आणि ७ डिसेंबरला याच चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेल्यांत लेकरू कडेवर घेतलेल्या बाया असतात, काठी टेकत आलेल्या आज्या असतात. दर्शनाची रांग काही तासांची.

आसपासच्या इमारतींतले काहीजण या गर्दीच्या नावाने नाक मुरडतात. त्यांनी एकदा पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांपाशी जाऊन उभे राहावे. पदराच्या गाठीतले पैसे सोडून मुलासाठी पुस्तक घेणारी आई तिथे दिसते. असे किती घरांत घडते?

हातभार लावायचा तर कामे साधीच आहेत. पाणी द्यायचे, जेवण वाढायचे, वाट दाखवायची, चुकलेल्या मुलाला ध्वनिक्षेपकापर्यंत पोचवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान झाडायलाही माणसे लागतातच. स्वतंत्र तंबू थाटण्यापेक्षा आधीपासून काम करणाऱ्या मंडळाला जाऊन विचारलेले बरे.

हार-मेणबत्त्यांऐवजी वह्या-पेन आणा, असे आवाहन अलीकडे केले जाते. ते गरजू मुलांना वाटले जातात. घरातल्या मुलांच्या हातून एक वही द्यावी. आणि हो, गाडी घरीच ठेवावी. दादर स्टेशनवर उतरून चालत जाणेच सोयीचे.