जवळा मोठा होऊन कोळंबी होत नाही

"जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं. वाढू दिली असती तर चांगली कोळंबी झाली असती." मासे आवडीने खाणाऱ्या घरांतही हे वाक्य ठामपणे ऐकू येतं. हळहळ खरी असते, पण ती चुकीच्या प्राण्यासाठी असते.

आपल्या किनाऱ्यावरचा जवळा मुख्यतः असीटस इंडिकस या जातीचा. मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३० साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम चार सेंटीमीटरची, नर तिच्याहूनही लहान. ताटात येतो तो बहुतेक जवळा प्रौढ असतो. कित्येक माद्यांच्या पारदर्शक अंगातून अंडाशयसुद्धा दिसतं. म्हणजे ज्याला आपण बाळ म्हणतो, ते बहुधा आई-बापच.

पटत नसेल तर ताजा जवळा पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घालून पसरा आणि भिंग घ्या. कोळंबीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात. जवळ्याला तीनच, मागच्या दोन त्याला नसतातच. तरीही शास्त्रज्ञ दोघांनाही 'दशपाद' गणातच बसवतात, कारण नातं एका अवयवावरून ठरत नाही. दुसरी खूण डोक्यावर. कोळंबीच्या डोळ्यांमधून पुढे येणारा करवती काटा सोलताना बोटाला टोचतो, अगदी लहान कोळंबीलाही तो असतो. जवळ्याचा काटा इतका आखूड की हाताला कळतही नाही.

'जवळा म्हणजे आपलं क्रिल' हेही अलीकडे वाचायला मिळतं. दिसायला सारखे, थव्याने राहणारे, म्हणून हा घोळ. क्रिलचा गणच वेगळा. त्याचे कल्ले कवचाखाली झाकलेले नसतात, बाहेरून दिसतात. शिवाय 'क्रिल' हा नॉर्वेजियन शब्द मुळात माशांच्या बारक्या पिल्लांसाठीचा. नावाने फसायची सवय फक्त आपल्यालाच आहे असं नाही!

बाजारातल्या नावांनी तर आणखी गोंधळ. सोडे हा वेगळा मासा नव्हे. कोळंबी सोलून उन्हात वाळवली की सोडे. सुकट हे वाळवलेल्या मालाचं नाव, बहुतेक ठिकाणी सुक्या जवळ्याचं. गोव्यात त्याला गालमो म्हणतात आणि त्याचं किसमूर करतात. करंदी म्हणजे बारीक कोळंबी, पण त्या एका नावाखाली एकाहून जास्त जाती विकल्या जातात. कोळणीचं यात काही चुकत नाही. तिचं वर्गीकरण आकाराचं आणि चवीचं आहे, ते तिच्या धंद्याला पुरतं.

शिजवल्यावर येणारा लालसर रंग म्हणजे भेसळ, अशीही शंका काढतात. तो रंग कवचात आधीपासूनच असतो. अ‍ॅस्टाझँथिन नावाचं हे रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं. उष्णतेने प्रथिन विस्कटलं की लाली उघडी पडते. आणि कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा ही शीर नव्हे, आतडं आहे.

'एवढासा जीव, त्याला काय किंमत' हा गैरसमज मात्र महाग पडणारा आहे. बोंबलाच्या पोटात सापडणाऱ्या खाद्यात जवळा ठळक असतो. तो आटला तर झळ बोंबलापर्यंत पोहोचते. मलेशियातलं बेलाचान आणि थायलंडमधलं कापी, हे आंबवलेले मसालेही याच कुळातल्या जवळ्यापासून होतात.

तेव्हा पिल्लांची काळजी करू नये का? करावी, पण खऱ्या पिल्लांची. जवळा पकडतात डोल जाळ्याने. वर्सोवा, उत्तन, अर्नाळा या भागांत ते भरती-ओहोटीच्या ओढीत खुंटांना बांधून ठेवतात. जवळ्यासाठी शेवटाकडची वीण बारीक ठेवावी लागते, आणि तिच्यात बोंबील, कोळंबी यांची लहान पिल्लंही अडकतात. म्हणून जवळा बिनधास्त घ्या; वाट्यात करवती काट्याची इवलीशी कोळंबी जास्त दिसली, तर तो वाटा घेऊ नका.