माळ : हातांतली आणि गळ्यांतली

माळ म्हणजे दोऱ्यांत ओवलेले मणी, एवढेंच वरवर पाहणाऱ्यास दिसतें. परंतु तीच माळ हातांत असतां साधन ठरते, गळ्यांत असतां व्रत ठरते. हा भेद ध्यानांत घेतल्याखेरीज तिचें महत्त्व कळावयाचें नाहीं.

प्रथम हातांतली माळ पाहावी. जपमाळेंत १०८ मणी असून त्यांखेरीज एक मेरुमणि असतो. या संख्येची उपपत्ति अनेक प्रकारें लावितात. नक्षत्रें २७ व प्रत्येकाचे चरण ४, यांचा गुणाकार १०८ होतो. राशी १२ व ग्रह ९ यांचाही तितकाच होतो. योगग्रंथांत मनुष्याचे अहोरात्रींचे श्वास २१,६०० मानिले आहेत. १०८ मण्यांच्या माळेचीं २०० आवर्तनें केलीं म्हणजे हीच संख्या भरते. प्रत्येक श्वासास एक नाम, हा त्यांतील भाव.

माळ ओढावयाची ती अंगठा व मधलें बोट यांनीं. तर्जनी दूर ठेवावयाची, कारण तें बोट दुसऱ्यावर रोखण्याचें, अहंकाराचें मानिलें आहे. मेरूशीं आल्यावर तो न ओलांडतां माळ उलट फिरवून घ्यावयाची. पुष्कळ साधक माळ गोमुखींत झांकून ठेवितात. जप दाखविण्यासाठीं नाहीं, हेंच ती पिशवी सुचविते. मनुस्मृतींतही उघड उच्चारलेल्या जपाहून ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप व त्याहून मानस जप श्रेष्ठ सांगितला आहे. मग मण्यांचें प्रयोजन काय? मोजणी बोटांकडे सोंपवावी आणि मन नामासाठीं मोकळें राहावें, हें. मन भरकटलें तरी पुढचा मणी त्यास परत आणितो.

मण्यांचा पदार्थ उपास्याप्रमाणें बदलतो. शैवांस रुद्राक्ष प्रिय, वैष्णवांस तुळशीचें काष्ठ. महाराष्ट्रांत ही तुळशीची माळ वारकऱ्यांच्या गळ्यांत आली आणि तिचा अर्थ अधिक व्यापक झाला. संप्रदायांतील अधिकारी पुरुषाकडून ती घ्यावयाची असते. माळ घातली कीं मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, नित्य हरिपाठ आणि पंढरीची वारी हीं बंधनें ओघानेंच येतात. म्हणून ‘माळकरी’ हा शब्द मराठींत अलंकाराचा नव्हे, तर आचरणाचा वाचक झाला. वारकरी परस्परांस भेटले म्हणजे वय, मान वा जात न पाहतां एकमेकांच्या पायां पडतात.

या रीतींतच माळेची खरी कसोटी आहे. चौदाव्या शतकांत होऊन गेलेले संत चोखामेळा हे विठ्ठलाचे थोर भक्त; परंतु अस्पृश्य ठरविलेल्या जातींत जन्म झाल्यामुळें त्यांना मंदिरांत प्रवेश नव्हता. त्यांची समाधि आजही पंढरपुरास मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. हें दार सर्वांस उघडण्यास १९४७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरास प्राणांतिक उपोषण आरंभिलें, तेव्हां तें खुलें झालें. सहा शतकें गळ्यागळ्यांत माळा होत्या. दार मात्र बंद होतें.

जपाची संख्या बोटांना कळते. जप अंगीं मुरला कीं नाहीं, हें मात्र माळ घातलेला मनुष्य शेजाऱ्याशीं कसा वागतो, यावरूनच समजतें.