दुपारी उद्यानाला कुलूप का?

उन्हाळ्यात वर्तमानपत्रात छापून येणारे कमाल तापमान सावलीतले असते. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, हवेशीर पेटीत ठेवलेला असतो. भर उन्हात हातगाडी लावणाऱ्याला त्या आकड्याखेरीज डोक्यावरचे ऊन आणि तापलेल्या डांबराची धगही सोसावी लागते.

हवा शरीरापेक्षा गरम झाली, की उष्णता बाहेर टाकायला घाम वाळणे हाच मुख्य मार्ग उरतो. पाणी कमी पडले किंवा हवा दमट असली, की तोही अडतो. शरीरातील तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा.

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३००हून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा लागू झाला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला.

अशा आराखड्यात झाडांचे मोल मोठे आहे. झाड ऊन अडवते आणि पानांतून बाष्प सोडून भोवतालची हवाही थोडी थंड करते. कडुनिंब, पिंपळ, करंज यांना ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी फुटते, म्हणून मे महिन्यात त्यांची सावली दाट असते. नुसती हिरवळ पाणी पिते, पण सावली देत नाही.

मात्र अनेक शहरांत उद्याने सकाळ-संध्याकाळ उघडी आणि दुपारी बंद असतात. फिरायला येणाऱ्यांची त्यात सोय होते. बांधकाम मजूर, फेरीवाले, सफाई कामगार आणि पत्र्याच्या घरांतले वृद्ध यांना सावली हवी असते ती नेमकी बारा ते चार. फाटक उघडण्याबरोबरच पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहही हवे. स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक कष्टकरी स्त्रिया दिवसभर पाणीच कमी पितात आणि उष्णतेचा त्रास ओढवून घेतात.

उष्माघाताची शंका आल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर गार पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नये. तापावरच्या गोळीचा इथे उपयोग नाही. या उपचारांची सुरुवात जवळच्या झाडाखालीच होते, पण त्यासाठी फाटक उघडे असायला हवे.