चकचकीत पृष्ठभागावरचे जिवाणू

आमच्या मोहन्याच्या उदंचन केंद्रातून उल्हास नदीचं पाणी कल्याणकडे जातं. ते पिण्याजोगं झालं की नाही हे पाहताना ई. कोलाय हा जिवाणू आवर्जून शोधतात. तो सापडला, की पाण्यात मैला मिसळलाय असं समजायचं. हाच जिवाणू आमच्या आंबिवली स्टेशनपासून साठेक किलोमीटरवर, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुद्दाम पाळला गेला आणि गुळगुळीत घासलेल्या पृष्ठभागावर थर देऊन पसरला गेला. लेझरने आयनांना वेग देण्यासाठी!

तिथल्या लेझरचा एक स्पंद फेमटोसेकंदांत मोजण्याइतकाच टिकतो. तीस फेमटोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम नऊ मायक्रोमीटर जातो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. एवढ्याशा वेळात सगळी ऊर्जा सुईच्या अग्राहून लहान ठिपक्यावर पडली, की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा होतो. हलके इलेक्ट्रॉन आधी सुसाट निघतात, जड आयन मागे राहतात. या ताटातुटीतून जबरदस्त विद्युतक्षेत्र उभं राहतं आणि तेच आयनांना ओढून नेतं. याच आवारातल्या पेलेट्रॉन या वेगवर्धकाला आयन पळवायला उंच मनोरा लागतो. इथे ते काम केसाएवढ्या जागेत होतं.

अडचण पृष्ठभागाची. गुळगुळीत लक्ष्य, म्हणजे ज्यावर स्पंद पडतो ते, आरशासारखं वागतं, बराचसा प्रकाश परतवतं. मग मोठा लेझर घ्या, हा सरळ पण अतिशय खर्चिक उपाय. संस्थेतल्या एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी लेझर तोच ठेवला, लक्ष्य बदललं. संस्थेत 2003 सालीच तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांचा थर देऊन जास्त क्ष-किरण मिळवले होते. जिवाणूंच्या थराचे आयनांवरचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले: साध्या लक्ष्यातून कार्बनचे आयन फार तर 40 किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपर्यंत पोचत होते, जिवाणूंच्या थरातून 700 पर्यंत. सतरापटीहून जास्त! हा आकडा मी दोनदा वाचला.

कारण आकारात आहे. जिवाणू मायक्रोमीटरभराचा, प्रकाशाची तरंगलांबीही त्याच्या आसपासची. अशा गोलाईभोवती विद्युतक्षेत्र एकवटतं, जसं तडितरक्षकाच्या टोकाशी एकवटतं. इलेक्ट्रॉन जास्त तापतात आणि आयन जास्त ओढले जातात. शिवाय हे कण घडवायला महागडं यंत्र नको; पेशी आपल्या आपण वाढतात. मला या संशोधनातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

कर्करोगावरच्या प्रोटॉन उपचारांतही वेगवान आयन लागतात, पण त्यांच्याशी याची लगेच सांगड घालू नये. खारघरच्या टाटा स्मारक केंद्रासारख्या ठिकाणी सुमारे 230 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे प्रोटॉन लागतात, म्हणजे तीनशेपटीहून जास्त ऊर्जा. ते अंतर फार मोठं आहे.

प्रयोगात स्पंद पडला, की त्या जागेचे जिवाणू उरत नाहीत. लक्ष्य किंचित सरकवायचं, कोरा थर समोर आणायचा, पुन्हा स्पंद सोडायचा.