उतार आणि उपसा

श्रावणात वेरूळच्या डोंगरावर चार दिवस झड लागली की एकोणतिसाव्या लेण्याशेजारी येळगंगा कड्यावरून खाली झेपावते. म्हैसमाळच्या पठारावरचं पाणी काही तासांत सखल भागाला जातं. चैत्रात तोच कडा कोरडा ठणठणीत असतो. वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांतला. आणि खाली बेसॉल्ट. ज्या एकसंध कातळामुळे आठव्या शतकात राष्ट्रकूटांना कैलास लेणं वरून खाली कोरता आलं, तो कातळ पाणी मात्र धरून ठेवत नाही. भूजल सापडतं ते वरच्या मुरमाच्या थरात, नाहीतर कातळाच्या भेगांत.

म्हणून इथे पूर्वीपासून पाणी अडवण्याची आणि उतारानं वळवण्याची रीत पडली. लेण्यांच्या परिसरात कातळात खोदलेली टाकी आहेत. वेरूळ गावात अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेलं शिवालय तीर्थ आहे, तांबूस दगडाच्या पायऱ्यांचं. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि डोंगराकडचं भूजल जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं. शहरातल्या पाणचक्कीत तर दुरून आलेलं पाणी उंचावरून सोडून जातं फिरवलं जाई आणि तिथल्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ दळलं जाई. पाणी आणि ऊर्जा, दोन्ही एकाच उतारातून. बिल कुणालाच येत नव्हतं.

या कौतुकाला एक काळी बाजू आहे. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांच्यातल्या काहींनी हौदाच्या पाण्यानं तोंड-पाय धुतले, तर ‘हौद बाटवला’ म्हणून जमाव धावून आला. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती कुठल्याही पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, आणि त्यावर लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षं झाली होती. पाणी होतं, सर्वांचं नव्हतं. जुन्या जलव्यवस्था अभियंत्यांनी जरूर अभ्यासाव्यात. ‘सर्वांसाठी पाणी’ हा विचार मात्र त्या व्यवस्थांकडून घेता येणार नाही. तो आपल्याला संविधानानं दिला.

नळ आला, बिलही आलं

15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. ग्रामीण भागात प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर शुद्ध पाणी, असं मिशनचं उद्दिष्ट. पाइप टाकले, टाक्या उभ्या राहिल्या की उद्घाटन होतं. पाणी टाकीत चढवणारी मोटर मात्र पुढची पंचवीस वर्षं वीज खाणार असते.

हिशेब सोपा आहे. तीन हजार वस्तीच्या गावाला माणशी 55 लिटरप्रमाणे रोज 1 लाख 65 हजार लिटर पाणी लागतं. विहिरीच्या तळापासून टाकीपर्यंतची चढण शंभर मीटर धरली, तर निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबानं 45 युनिट वीज पुरते. पंप, मोटर आणि पाइपातलं घर्षण मिळून निम्मी शक्ती वाया जाते असं धरलं तर 90 युनिट. म्हणजे वर्षाला सुमारे 33 हजार. पाइपलाइन गळकी असेल तर गळणाऱ्या पाण्याची वीजही गळते. पाणीपट्टी थकली की वीजबिल थकतं, वीज तोडली जाते आणि नळ असूनही बायका हंडे घेऊन विहिरीवर जातात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीनं करवसुलीसाठी वेगळी वाट काढली: कर भरेल त्याचं दळण गावच्या गिरणीत फुकट. पंचायतीच्या खात्यात पैसे असले तरच पंप चालतो, हे त्या गावाला उमगलं होतं.

शहराची गत याहून वेगळी नाही. पैठणच्या जायकवाडी धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 464 मीटर. शहर साधारण 570 मीटरवर. म्हणजे प्रत्येक थेंब शंभरेक मीटर वर चढवायचा. 700 आणि 1,400 मिलिमीटरच्या जुन्या जलवाहिन्यांवर भागेना, म्हणून शहरानं वर्षानुवर्षं कित्येक दिवसांआड पाणी सोसलं. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं, तिची जलवाहिनी 2,500 मिलिमीटर व्यासाची. पाणी जास्त येईल, तेवढी वीजही जास्त लागेल.

सूर्य फुकट, भूजल नव्हे

मराठवाड्याला ऊन भरपूर. वर हिशेब मांडलेल्या गावाला 25 किलोवॅटच्या आसपासचे सौर पॅनल उन्हाळी दिवसांत पुरतील. सूर्य असेपर्यंत पंप चालवून उंच टाकी भरून ठेवली, तर रात्रीसाठी महागडी बॅटरी लागत नाही. साठवलेलं पाणी हीच साठवलेली ऊर्जा. शेतीलाही हेच लागू आहे. रात्रीच्या विजेवर पाणी भरताना सापकिरडाची भीती शेतकऱ्याच्या पाचवीला पुजलेली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला 3 मेगावॅटचा प्रकल्प याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला उभा राहिला, तो दिवसा वीज मिळावी म्हणूनच.

पण इथेच पेच आहे. 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. सौरपंप बसला की पुढची वीज फुकटच. वीज फुकट झाली की मोटर बंद करायला कारण उरत नाही, आणि भेगांत साठलेलं पाणी दिवाळीनंतर काही महिन्यांत संपतं. मग बोअर आणखी खोल, चढण आणखी जास्त, आणि ज्याला ते परवडत नाही त्याची विहीर आधी कोरडी. स्वच्छ ऊर्जा आणि स्वच्छ पाणी एकमेकांच्या मुळावर येऊ शकतात ते असे. जायकवाडीच्या जलाशयावर, म्हणजे नाथसागरावर, तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला, तेव्हा जलाशयावर पोट असलेल्या मच्छीमारांनी आणि तिथल्या पक्षी अभयारण्याची काळजी असलेल्यांनी विरोध केला, तोही याच पेचाचा दुसरा अवतार.

उलट उदाहरणही शेजारी आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं 1996 पासून पाणलोटाची कामं केली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं, शेततळी केली, आणि कमी पावसाच्या भागात द्राक्षबागा टिकवल्या. जितकं पाणी वरच मुरतं, तितकी विहिरीची पातळी वर राहते आणि उपशाला वीज कमी लागते. बांधबंदिस्ती हे त्या अर्थानं वीजबचतीचंही काम आहे.

म्हणून क्रम ठरवावा लागेल: आधी उतार, मग ऊन, शेवटी महावितरणचा खांब. माथ्यावर पाणी मुरवल्याशिवाय नवा बोअर नको, पीक ठरवल्याशिवाय सौरपंप नको आणि गळती मोजल्याशिवाय नवी टाकी नको. आणि पुढच्या ग्रामसभेत पाणीयोजनेचा विषय निघेल तेव्हा ‘नळ कधी येणार’ याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत: पाचव्या वर्षी याचं वीजबिल कोण भरणार, आणि शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या घरी पाणी किती दाबानं पोचणार?