वीस हजार ठोक्यांचा हिशेब

वसई पूर्वेला, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत व्होल्टेज पडलं की दोष ट्रान्सफॉर्मरचा, केबलचा, नाहीतर शेजारी नव्याने बसलेल्या मशीनचा. व्होल्टेज ही गल्लीतली भानगड. वारंवारतेचं तसं नाही. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जुळलं आणि तेव्हापासून विरारच्या प्लगमधली वीज चेन्नईच्या विजेबरोबर एकाच तालात चालते: सेकंदाला ५० आवर्तनं. मागणीपुढे निर्मिती कमी पडली की देशभरची जनित्रं किंचित मंदावतात. ग्रिडच्या नियमांनी पट्टा आखला आहे ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा.

इतका बारीक फरक पकडायचा कसा? सेकंदभर आवर्तनं मोजली तर उत्तर ५०; एखादं इकडेतिकडे झालं की ४९ किंवा ५१. शंभर सेकंद मोजत बसावं, तर तोवर हेलकावा येऊन गेलेला असतो.

म्हणून मोजणी उलटी करतात. एका आवर्तनाच्या सुरुवातीला काउंटर चालू, पुढच्याच्या सुरुवातीला बंद; मधल्या वेळात क्वार्ट्झ स्फटिकाचे ठोके मोजायचे. घड्याळ १ मेगाहर्ट्झचं असेल तर ५० हर्ट्झला बरोबर २०,००० ठोके पडतात. एक ठोका म्हणजे ०.००२५ हर्ट्झ! ५ एप्रिल २०२०च्या रात्री नऊला देशभर दिवे मालवले, मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने कोसळली, आणि वारंवारता ४९.७० ते ५०.२६च्या दरम्यान हलली. आपल्या काउंटरवर हेच २०,१२१ आणि १९,८९७ असं दिसलं असतं. वेगवान सिग्नलला मात्र जुनी सरळ मोजणीच बरी. १ मेगाहर्ट्झचं घड्याळ आणि सेकंदभराची मोजणी धरली, तर दोन्ही पद्धती १ किलोहर्ट्झला बरोबरीत येतात.

खरी डोकेदुखी गोंगाटाची. (२३० व्होल्ट थेट काउंटरला द्यायचे नसतात, आधी छोट्या ट्रान्सफॉर्मरने उतरवायचे.) आसपास वेल्डिंग किंवा मोटरचे ड्राइव्ह चालू असतील, तर लाट शून्य ओलांडताना थरथरते, एकदा ओलांडायच्या जागी चार-पाचदा ओलांडते. काउंटर इमानदार असल्याने प्रत्येक वेळ नोंदवतो, आणि २०,०००च्या जागी ४० किंवा ३०० असले आकडे उमटतात. सॉफ्टवेअरमध्ये ते गाळता येतात, पण दुखणं मुळाशीच मारावं. त्यासाठी काउंटरच्या आधी श्मिट ट्रिगर लावतात. त्याला चढताना एक पातळी लागते, उतरताना दुसरी, खालची. मधली थरथर त्याला दिसतच नाही.

एकाऐवजी ५० आवर्तनं मिळून मोजली तर दहा लाख ठोके होतात. १६ बिटांचा काउंटर ६५,५३५ला भरून पुन्हा शून्यावर येतो, म्हणून इथे ३२ बिटांचा हवा. कागदावर अचूकता ०.००००५ हर्ट्झपर्यंत जाते. पण स्वस्त स्फटिकच दहा लाखांत वीसेक ठोके चुकतो, म्हणजे ०.००१ हर्ट्झ. तेव्हा पडद्यावर तिसऱ्या दशांशापुढचे आकडे दाखवणं ही निव्वळ सजावट.