मलेरियाच्या जंतूत दडलेले शेवाळ

पावसाळा सुरू झाला, की मुंबईतील रक्त तपासणीच्या अहवालांत 'प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स' हे नाव वारंवार दिसू लागते. या मलेरियाच्या जंतूला सर्रास जिवाणू किंवा विषाणू समजले जाते. प्रत्यक्षात तो आहे प्रोटिस्ट.

'प्रोटिस्टा' ही संज्ञा जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये रूढ केली. वनस्पती, प्राणी आणि कवक यांत न बसणारे सारे दृश्यकेंद्रकी जीव आज या नावाखाली येतात. खरे तर हे एक कुळ नव्हेच. सरकारी अर्जातील 'इतर' हा रकाना म्हणावा तसा हा प्रकार! सिलिकाची नक्षीदार डबी अंगावर वागवणारा डायटम त्यात आहे, कित्येक मीटर वाढणारे केल्प हे समुद्रशैवालही आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या. अशी चमक निर्माण करणारा नॉक्टिल्युकाही याच रकान्यातला.

एकाच पेशीत संसार थाटण्याची त्यांची रीत थक्क करणारी आहे. पॅरामेशियममध्ये दोन प्रकारची केंद्रके असतात. मोठे दैनंदिन कारभार पाहते, तर लहान आनुवंशिक वारसा जपते. गोड्या पाण्यातील अमीबा आत शिरणारे जादा पाणी संकोची रिक्तिकेतून सतत बाहेर टाकतो.

वैद्यकाची अडचण इथेच सुरू होते. जिवाणूची पेशी मानवी पेशीहून बरीच वेगळी, म्हणून प्रतिजैविके तिला नेमकी टिपतात. प्रोटिस्टची पेशी मात्र आपल्यासारखीच केंद्रक आणि आवरणयुक्त अंगके असलेली. शत्रूला मारणारे औषध रुग्णालाही बाधू शकते.

मग डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरील औषध मलेरियावर कसे चालते? प्लाझ्मोडियमच्या पेशीत चार आवरणांचे एक सूक्ष्म अंगक आहे, 'एपिकोप्लास्ट'. कोणे एके काळी त्याच्या पूर्वजाने शैवाल गिळले, त्याचा हा अवशेष. त्या शैवालातील हरितलवकाचे मूळ पुन्हा जिवाणूंत! प्रकाशसंश्लेषण केव्हाच संपले. पण परजीवीला अत्यावश्यक असलेली काही रसायने अजूनही तिथेच बनतात. डॉक्सिसायक्लिन या अंगकातील जिवाणूसदृश प्रथिननिर्मिती रोखते. त्याचा परिणाम मात्र सावकाश होतो. पहिली पिढी तगते, पुढची मरते. त्यामुळे उपचारात ते एकटे दिले जात नाही, त्वरित परिणाम करणाऱ्या औषधाच्या जोडीने देतात.